आठवी मात्रा

डोळा लागतोय, पण पुरता लागत नाहीये. दुपारचे चार वाजलेत. पुण्यातल्या एका नाट्यगृहाच्या मेकअपच्या खोलीत मी सोफ्यावर आडवा झालोय आणि भिंतीपलीकडे चार पोरं आमचं गाणं वाजवून बघतायत. सातला कार्यक्रम आहे. साठीच्या माणसाला दुपारची डुलकी लागते, हे त्यांना न सांगता कळलं आणि त्यांनी मला इथं आणून टाकलं.

आमचं गाणं म्हणजे ‘लांबण’चं. नगरमधला आमचा बँड. नाव अगदी बरोबर ठेवलं होतं. एक गाणं धरायचं आणि ज्याला जिकडे सुचेल तिकडे ओढत न्यायचं, अर्धा-अर्धा तास. लोक उठून चहा पिऊन परत यायचे, तरी आम्ही त्याच गाण्यात. मी ड्रम्स वाजवायचो. गिटारवर सॅमसन उबाळे. आता ही पोरं आमची गाणी घेऊन त्यांचं जॅझ फ्युजन करतायत: पियानो, सॅक्सोफोन, बेस आणि ड्रम्स. गिटार मुद्दाम ठेवलेली नाही. “सॅमसन सरांच्या जागी कुणाला बसवायचं नव्हतं,” असं पियानो वाजवणारी अन्वया मला म्हणाली. सॅम्या जाऊन चार वर्षं झाली.

भिंतीपलीकडे ‘घाटात गाडी बंद’ चाललंय. आठ मात्रांचं साधं गाणं. पण दुसऱ्या कडव्यानंतर एक जागा येते, तिथं सातच मात्रा आहेत. आठवी कुणीतरी खाल्लेली आहे. तिसऱ्या कडव्यानंतर पुन्हा तसंच. आमच्या एकुलत्या एका कॅसेटवर ते तसं आहे आणि या पोरांनी ते तसंच्या तसं उचललंय, वर त्याच्यावर सगळा इमला चढवलाय. त्यांच्या पत्रकात छापलंय, ‘सॅमसन उबाळे यांची विलक्षण सात मात्रांची जागा’. आज त्या गाण्याआधी मी स्टेजवर जाऊन त्या जागेबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत.

ती जागा विलक्षण वगैरे काही नाही. ती चूक आहे आणि ती माझी आहे. एकोणतीस वर्षांत हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

पोरं ती जागा पुन्हा घेतात. पाच, सहा, सात, आणि माझा पाय सोफ्यावरून खाली घसरतो.

“पाय सांभाळ. पोती फाटतील.”

सोफा टोचायला लागलाय, कारण तो सोफा नाहीये, गव्हाची पोती आहेत. मी शहाबुद्दीनभाईच्या गिरणीत आहे. गिरणी मंगळवारी बंद असते आणि मंगळवारी आम्ही इथं वाजवतो. माझ्या ड्रमवर पिठाचा थर आहे. समोर पालथ्या डब्यावर सॅम्या बसलाय, मांडीवर गिटार, कान तारेला लावलेला. केस काळे आहेत. अंगात मात्र तो शेवटच्या दिवसांत मी दुरून पाहिलेला राखाडी स्वेटर, जो त्याला ढगळ व्हायला लागला होता.

“झोपलास काय, दिग्या? प्रोग्राम आहे ना आज?”

“आहे.”

“मग तोंड का असं? वरात चुकल्यासारखं?”

मला हसू येतं आणि लगेच रडूही येतं. मी त्याला म्हणतो, “सॅम्या, तू गेलास ना रे?”

“गेलो की,” तो खुंटी पिळत म्हणतो. “तू आला होतास. मागच्या बाकावर बसलास. चपला दाराशी काढल्यास, चर्चमध्ये कुणी काढत नाही.”

खरं आहे. मी गेलो होतो. आणि आता मी तिथंच बसलोय. पोती लाकडी झालीत, समोर मेणबत्त्या आहेत आणि रिबेकावहिनी बाकांच्या मधून माझ्याकडे येतायत. हातात रुमाल घट्ट धरलेला. “दिगंबरभावजी, तुम्ही सगळ्यांत जुने मित्र. दोन शब्द बोलता का?”

“घसा बसलाय, वहिनी,” मी म्हणतो. तेव्हा म्हणालो होतो, आताही तेच म्हणतो. माझा घसा ठणठणीत आहे. वहिनी मान हलवतात आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारायला जातात.

“घसा बसला म्हणे,” सॅम्या माझ्या शेजारी बसून कुजबुजतो. “ड्रमरला घसा कशाला लागतो?”

“मला तुझ्याशी बोलायचंय.”

“बोल.”

मी तोंड उघडतो आणि बाक हलायला लागतो. खिडकीतून सुप्याचा माळ मागे जातोय. आम्ही एसटीत आहोत, ड्रम्स टपावर बांधलेत आणि त्या गॅदरिंगहून परत येतोय जिथं ती कॅसेट भरली गेली. बँडची बाकीची दोघं पुढच्या सीटवरून वळून बसलीत. त्यांना चेहरे नाहीत, पण आवाज ओळखीचे आहेत.

“‘घाटात गाडी’मध्ये माती कुणी खाल्ली रे?”

हाच तो क्षण. मला पक्कं माहीत आहे. दुसऱ्या कडव्यानंतर मी समोरच्या रांगेतल्या एका मुलीला दाखवायला म्हणून काठी हवेत फिरवायला गेलो आणि एक मात्रा सांडली. सगळेच धडपडले, त्यामुळे कॅसेटवर कोण आधी पडलं ते कळत नाही. तिसऱ्या कडव्यानंतर मात्र सॅम्याने माझ्याकडे बघितलं, भुवई उडवली आणि त्याच जागी स्वतःहून एक मात्रा गिळली. कॅसेटवर ते स्पष्ट ऐकू येतं. गिटार आधी उडी मारते, आम्ही मागून. एकदा झाली तर चूक, दोनदा झाली तर चाल, असं तो नेहमी म्हणायचा. त्याने माझ्या चुकीची चाल करून टाकली होती.

“कुणी खाल्ली?” पुढून पुन्हा विचारतात.

आणि मी, खिडकीकडे बघत, म्हणतो, “सॅम्याला मोजता येत नाही.”

मी स्वप्नातही तेच म्हणतो. जीभ आपोआप वळते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. सॅम्या माझ्या शेजारीच बसलाय. पुढच्या सीटवरून एक हात वर येतो, तीन बोटं उघडलेली. “सॅम्या, ही किती?” सगळे हसतात. सॅम्याही हसतो.

पुढचं सगळं मला ठाऊक आहे. चहाच्या टपरीवर, लग्नात, रस्त्यात, जो तो त्याला बोटं दाखवायचा. ही किती, सॅम्या? पहिले काही महिने तो हसला. मग मंगळवारी त्याची वाट बघून आम्ही गिरणीला कुलूप लावायला लागलो. मग बँड संपला. त्यानंतर पंचवीस वर्षं त्याने चर्चमधल्या मुलांना गिटार शिकवली, आणि चारचौघांसमोर एकदाही वाजवली नाही.

“सॅम्या, उतरू या,” मी म्हणतो.

“उतरलोच आहोत.”

गाडी नाही. आम्ही स्टेजवर आहोत. आजचंच नाट्यगृह, खुर्च्या रिकाम्या, पण माझ्या ड्रम्सवर अजून पीठ आहे. तो माझ्या स्टुलावर बसलाय आणि माझ्या काठ्या त्याच्या हातात आहेत. गिटार माझ्या गळ्यात आहे. मी आयुष्यात कधी गिटार वाजवलेली नाही.

“धर,” तो म्हणतो. “आज तू वाजव, मी मोजतो.”

“मला येत नाही.”

“चार बोटं आहेत ना? ठेव तारांवर. दाब.”

मी दाबतो. तारा बोटांत रुततात. हे इतकं दुखतं, हे मला माहीतच नव्हतं. हा माणूस वर्षानुवर्षं हे दुखणं बोटांवर घेऊन माझ्यासमोर बसत होता आणि मी समजायचो की कष्टाचं काम फक्त माझं.

“अजून घट्ट. तार वाजत नाहीये.” तो काठ्या एकमेकींवर आपटतो. एक. दोन. तीन. चार. मी तारा छेडतो, आवाज भांड्यासारखा येतो, तो तरी मोजत राहतो. पाच. सहा. सात.

आणि थांबतो. काठ्या हवेत.

“आठवी कुठंय?”

मी तारांकडे बघतो.

“आठवी कुठंय, दिग्या?”

“मी खाल्ली.”

“ऐकू नाही आलं. घसा बसलाय का?”

“मी खाल्ली, सॅम्या! मी! आणि तुझ्यावर ढकलली.”

रिकाम्या खुर्च्यांवर माझा आवाज आपटून परत येतो. सॅम्या काठ्या खाली ठेवतो. रागावलेला दिसत नाही. फार थकलेला दिसतो.

“ठाऊक आहे. मी समोरच होतो ना.”

“मग तेव्हाच का नाही बोललास? एसटीत सगळ्यांसमोर का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू बँड सोडला असतास. तुझा स्वभाव काय मला माहीत नाही? आणि नगरात दुसरा ड्रमर कुठून आणायचा होता? बँडवाल्यांचा ढोलवाला?” तो हसतो. मग हसू विरतं. “मला वाटलं, तू सांगशील. आज ना उद्या. लोकांच्या बोटांचं मला काही नाही रे. पण दिवाळीच्या सुमारास, कापड बाजारात, तूही दाखवलीस.”

मला ते आठवतं. चार बोटं. बरोबर दोन मित्र होते आणि त्यांना हसवायचं होतं. सॅम्याच्या हातात मुलीसाठी घेतलेल्या फ्रॉकची पिशवी होती. तो हसला नाही, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि निघून गेला. त्यानंतर आम्ही बोललोच नाही. हे मी कधी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

“माफ कर,” मी म्हणतो. “सॅम्या, माफ कर रे मला.”

तो माफ करतो असंही म्हणत नाही, करत नाही असंही नाही. उठून माझ्याजवळ येतो, माझी चार बोटं एकेक करून तारांवर नीट बसवतो आणि वरून आपला पंजा ठेवून दाबतो. कळ खांद्यापर्यंत जाते. त्याचा हात गरम आहे.

“सोडू नको,” तो म्हणतो. “सोडलंस की आवाज मरतो.”

मी सोडत नाही. रडतो, पण सोडत नाही. पंख्याचा आवाज यायला लागतो, स्वेटरची लोकर माझ्या मनगटावरून निसटते आणि दारावर कुणीतरी टकटक करतंय.

“सर? झोपलात का?”

अन्वया दार लोटून आत येते. एका हातात कॉफीचा कागदी कप, दुसऱ्या हातात वही. बाहेर अजून ऊन आहे. “दोन शब्दांचं विचारायचं होतं. मी निवेदनात असं लिहिलंय की, सात मात्रांची ही जागा सॅमसन सरांच्या प्रतिभेचा...”

“खोड ते,” मी म्हणतो.

“काय झालं, सर?”

“बस. आधी ऐक.” मी उठून बसतो आणि तिला सांगतो. काठी फिरवली ते, एसटी, बोटं, कापड बाजार, फ्रॉकची पिशवी. सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत. एवढ्या वर्षांचं ओझं आणि पाच मिनिटं! ती वही मिटते. तिच्या डोळ्यांत काय आहे ते मी बघत नाही, मला धीर होत नाही.

ती विचारते, “मग आज कसं वाजवायचं? आठ करून टाकू?”

“नाही. दोन्ही वेळा सातच. पण लोकांना सांगायचं, पहिल्यांदा दिगंबर कोठावळे चुकला. दुसऱ्यांदा सॅमसन उबाळे चुकला नाही, तो मित्राबरोबर गेला.”

“तुम्ही सांगाल?”

“मीच सांगेन. आणि रिबेकावहिनींना फोन लावून दे. त्यांना आधी.”

ती मान हलवते आणि कॉफीचा कप माझ्यापुढे धरते. मी डावा हात पुढे करतो. गरम कागद लागताच बोटांची टोकं अशी झोंबतात की कप सुटता सुटता राहतो. मी पंजा उजेडात धरून बघतो. चारही बोटांच्या टोकांवर एकेक आडवी खाच पडलीय, लालभडक, तारेएवढी बारीक.

“सर, तुम्ही गिटार वाजवता?” अन्वया विचारते.

या खोलीत गिटार नाही. अख्ख्या नाट्यगृहातच आज गिटार नाही.

“नाही,” मी म्हणतो, आणि फोन लागेपर्यंत ती चार बोटं अंगठ्याने दाबत बसतो.