नाव देणारा सुकलाल

तापीवरचं धुकं त्या सकाळी गल्लीत असं बसलं होतं, की समोरच्या घराची पायरी दिसत नव्हती. यमुनाबाईनं चुलीशी हात शेकले, पदर खोचला आणि कांडी भरायचं मशीन चालू केलं. लूमच्या धोट्यात बसते ती सुताची नळी म्हणजे कांडी. यमुनाबाई घरी कांड्या भरते आणि तिचा नवरा सुकलाल त्यांची टोपली खांद्यावर टाकून लूमवर कामाला जातो. लग्न झाल्यापासून हेच. आज मात्र टोपली भरून दारात पडली होती आणि उचलणारा पोलीस ठाण्यात होता.

झालं असं, की सुताचे दलाल चुडामणशेठ काल सकाळी स्वतःच्याच जिन्याखाली मरून पडलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, पाय घसरून पडले असतील. शेठचे पुतणे म्हणाले, कोणीतरी ढकललं. आणि आदल्या संध्याकाळी सुकलाल त्याच जिन्यावर उभा राहून शेठशी भांडला होता. शेठनं ओलं सूत दिलं होतं, तार सारखी तुटत होती. सुकलालचा आवाज एरवीच असा, की घरात पाणी मागितलं तरी शेजारी तांब्या घेऊन येतात. सगळ्या बाजारानं ऐकलं. समोरच्या पानवाल्यानं पोलिसांना सांगितलं होतं, की सुकलाल गेल्यावर शेठनं स्वतः दाराला कडी लावली. पण ठाण्याचे नवे मुख्य अधिकारी, टीआय साहेब, म्हणाले, गेलेला माणूस परत येऊ शकतो.

रात्री यमुनाबाई डबा घेऊन गेली तेव्हा साहेब तिला सरळच बोलले होते, "बाई, झगडा तो सबका होता है। पर इसका पुराना रिकॉर्ड है। कल दोपहर को कोर्ट में पेश करूँगा।"

रिकॉर्ड म्हणजे काय ते तिला कळलं नाही. तिच्या नवऱ्याला कोंबडीसुद्धा कापता येत नाही. कोंबडी कापायची झाली की तो बाहेर जाऊन विडी पितो.

मशीनचा आवाज थांबला की कोपऱ्यावरच्या निंबाच्या दुकानातलं बोलणं ऐकू येई. निंबा मावा जिलबी तळतो आणि गल्लीच्या गणपती मंडळाचा प्रसादही त्याच्याच कढईतला. आज कढईभोवती सगळी बैठक जमली होती. मंडळाचे अध्यक्ष प्रकाश मास्तर मफलर गुंडाळून बाकावर होते. शाळेतून निवृत्त झालेले, पेन्शनवाले, गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. डीजेवाला धर्मेंद्र मोबाइलवर बातमी वाचून दाखवत होता, की संशयिताची पार्श्वभूमी गुन्हेगारी असून त्याच्यावर दरवर्षी कारवाई झालेली आहे.

"दरवर्षी म्हंजे जादाच झालं भो," निंबा झारा हलवत म्हणाला. "आपल्याला वाटलं, गरीब माणूस आहे."

मास्तर म्हणाले, माणसाच्या पोटात काय असतं ते सांगता येत नाही. धर्मेंद्र म्हणाला, त्याला तर आधीपासूनच डाउट होता, एवढा मोठा आवाज सीधा आदमी का नहीं होता. दुसऱ्या कोणी तर आठवणच काढली, की सुकलालची नजर पहिल्यापासूनच जरा तशी आहे. नजर कशी, ते मात्र त्यालाही सांगता आलं नाही.

यमुनाबाईचा हात मशीनवर थांबला. दरवर्षी, हा शब्द तिच्या डोक्यात फिरला आणि एकदम जागेवर बसला.

त्या गल्लीची एक रीत होती. विसर्जनाच्या मिरवणुकीत काहीतरी वाकडं होणारच. डीजे वेळेच्या पुढं चालायचा, नाहीतर फटाका भलत्या ठिकाणी फुटायचा. मग पोलीस विचारायचे, जिम्मेदार कोण? तेव्हा मंडळातला एक जण पुढं होऊन आपलं नाव द्यायचा, ठाण्यात बसून यायचा, कागदावर सही करायचा. जो नाव देईल, त्याला पुढच्या वर्षी ट्रॅक्टरवर गणपतीच्या शेजारी बसायचा मान. सुकलालला त्या ट्रॅक्टरचं भारी वेड. नवा सदरा घालून, गुलालानं लाल होऊन तो असा बसायचा, की पाहणाऱ्याला दोघांपैकी गणपती कोणता हा प्रश्न पडावा. म्हणून दरवर्षी नाव त्याचंच. गल्लीच्या लेखी तो मान होता. सरकारी कॉम्प्युटरच्या लेखी गुन्हा.

ती हातात कांडी तशीच घेऊन कोपऱ्यावर गेली. निंबानं न मागता जिलबी तोलायला घेतली.

"असू द्या निंबाभाऊ," ती म्हणाली. "मले फक्त एवढं सांगा, रेल्वे फाटकापाशी सुतळी बाँब कोणं लावला व्हता?"

निंबाचा झारा थांबला.

"आन धर्मेंद्र, रात्री दोन वाजेलोक डीजे कोण वाजवत होतं? माझा नवरा? त्याले रेडिओ लावता येत नई."

धर्मेंद्रनं मोबाइल खिशात घातला. यमुनाबाई मास्तरांकडे वळली. नुसती पाहत राहिली. मास्तर मफलर वर ओढत ओढत नाकापर्यंत आले.

अर्ध्या तासात दोन ऑटो भरून गल्ली ठाण्यात पोचली. साहेब चहा पीत होते. कोपऱ्यातल्या बाकावर सुकलाल बसला होता आणि शेजारच्या हवालदाराला ओलं सूत ओळखावं कसं ते समजावत होता, म्हणजे सगळं ठाणं ते शिकत होतं.

निंबा पुढं झाला. म्हणाला, साहेब, फाटकावरचा बाँब माझा. धर्मेंद्र म्हणाला, डीजेवाले दोनों केस मेरे, सर. मागून एकानं खांबावरचा दिवा झेंड्यानं फोडल्याचं सांगितलं, तर दुसरा म्हणाला, खोटं बोलतो हा, झेंडा माझ्याकडे होता. त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. काल ज्या गुन्ह्यांना कोणी वाली नव्हता, त्यांच्यावर आता दोन दोन मालक हक्क सांगू लागले. साहेबांचा चहा निवला. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहून विचारलं, "और ये तहसीलदार साहब की गाडी पर गुलाल?"

मास्तर हळूच उठले. मफलर काढून त्यांनी घडी घातली, वर्गात उभ्या केलेल्या पोरासारखे उभे राहिले.

"वो हमने डाला था," ते म्हणाले. "पूरी थाली."

आधी हवालदार हसला. मग साहेबांनी हसू दाबायला रुमाल काढला, पण ते काही दबलं नाही. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, की शेठ पडले की पाडले, हा तपास चालूच राहील आणि बोलावलं की सुकलालनं यायचं. पण ज्या रिकॉर्डमुळे पानवाल्याचा शब्द त्यांना हलका वाटत होता, तो रिकॉर्ड तर ह्या सगळ्या वरातीचा निघाला. मास्तरांना जामीन ठेवून त्यांनी सुकलालला सोडलं.

परतताना ऑटोत सुकलाल पुढं बसला, ट्रॅक्टरवर बसतो तसाच. निंबानं सोबत बांधून आणलेली जिलबी त्याच्या हातात कोंबली. शेठ घसरले की ढकलले, यावर गल्लीत अजून दोन तट होते, पण ढकलणाऱ्यांत सुकलालचं नाव आता कोणी घेत नव्हतं.

"अवंदा नाव मी देईन," मास्तर म्हणाले.

सुकलालचा चेहरा पडला. "मंग मास्तर, पुढच्या साली ट्रॅक्टरवर कोण बसंल?"

"तुम्हीच बसा व," यमुनाबाई म्हणाली. "पण आधी ती टोपली लूमवर न्या. सकाळधरून दारात पडेल हाये."

धुकं केव्हाच उठलं होतं. दारात उतरल्यावर सुकलालनं पाकातली बोटं चाटून लुंगीला पुसली, टोपली खांद्यावर घेतली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, दुपारी भाजी कशाची? यमुनाबाईनं हातातली कांडी मशीनवर चढवली, तुटलेल्या तारेला गाठ मारली आणि मशीन चालू केलं.