मामांची शिस्त आणि मधुराची क्लॅरिनेट

"ताई, पहिल्यांदा नाशकात वाजवतेय. तू यायलाच हवंस!" मधुराचा फोन आला आणि मी रजा टाकली. मधुरा माझी मामेबहीण. परदेशात क्लॅरिनेट शिकली, युरोपातल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांसोबत एकल वाजवते, आणि हल्ली चार तंतुवाद्यवाल्यांना घेऊन छोटेखानी मैफली करते. तिच्या हातात क्लॅरिनेट दिली ती मामांनी. ते देवळाली कॅम्पात लष्करी बँडमध्ये होते. पण "छान वाजवलंस" एवढं मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. पोरगी जगभरातून टाळ्या घेऊन आली, तरी यांचं आपलं, "सूर सरळ ठेव."

पुण्याहून येणार असाल तर एसटीची इलेक्ट्रिक बस पकडा, मस्त गारेगार असते. सिन्नरपर्यंत छान डोळा लागतो, पुढे नाशिकरोडच्या ट्रॅफिकमध्ये आपोआप उघडतो. मामांच्या घरी, इंदिरानगरला जायचं तर द्वारका चौकात उतरा आणि रिक्षाचं भाडं आधी ठरवा. मी नाही ठरवलं, भोगलं.

मामींनी मिसळ केली होती. वाजवायच्या आधी तिखट खाल्लं की ओठ बधिर होतात, म्हणून मधुराचा उपास. तिच्या वाटणीची मीच हाणली. बाईसाहेब रीड, म्हणजे क्लॅरिनेटला लावायची वेताची पातळ पट्टी, तोंडात भिजवत बसल्या होत्या.

"तुमचा बँडमास्तर कोण?" मामांनी विचारलं.

तिने पट्टी काढली. "कोणी नाही, बाबा. मी श्वास घेते, तो बघून बाकीचे सुरू करतात."

"म्हणजे हुकूमच नाही? कमाल आहे!"

निघताना तिने मला बाजूला घेतलं. "ताई, वाजवताना मी बाबांकडे बघणार नाही. तू बघ. त्यांना आवडलं का, तेवढं मला सांग."

गंगापूर रोडवरचा छोटा हॉल, प्रवेश फुकट. सूचना द्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं: "मध्ये टाळ्या नकोत, दादही नको. संपेपर्यंत कृपया शांतता." गाण्याच्या बैठकीत मनसोक्त वाहवा करणारे नाशिककर बिचारे ओठ दाबून बसले. मामा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या ब्लेझरमध्ये, ताठ. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

रचनेचा दुसरा भाग संथ होता. मधुराने एक सूर दिवा बारीक करत न्यावा तसा हळूहळू नेला. हॉलमध्ये कुणी खोकतही नव्हतं. आणि पहिल्या रांगेतून, परेड ग्राउंडला पुरेल असा खणखणीत आवाज आला, "वाह! क्या बात है!"

सगळ्यांच्या माना वळल्या. मामांनी तोंडावर हात दाबला. मधुराचा सूर तसूभर हलला नाही, फक्त डोळे भरले. पुढचा श्वास घ्यायला तिला जरा वेळ लागला, आणि ते चौघे शहाण्यासारखे थांबले.

कार्यक्रमानंतर मामा अपराध्यासारखे उभे. "मधू, चुकलो गं. हुकूम मोडला." ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. मला काही सांगायची गरजच उरली नाही.

पुण्यात परतून आठवडा झाला. पिशवीतला नाशिकचा चिवडा संपला. काल मधुराने मैफलीचं रेकॉर्डिंग पाठवलं. रेकॉर्डिंगवाल्याने तिला विचारलं होतं म्हणे, "मॅडम, मधला तो आवाज पुसून टाकू का?"

ती म्हणाली, "बाकीचं पुसलंत तरी चालेल. तेवढं राहू द्या."