कूलरखालचा साहेब

अंगात आलेल्या बायांना मी निंबू-पाणी पाजून घरी पाठवलेलं आहे. तेव्हा भुताखेतांवर माझा विश्वास किती, ते समजून घ्या. आणि हे तर कॉम्प्युटरबद्दल आहे... हसायचं असेल तर आधीच हसून घ्या.

मी नागपुरात जरीपटक्याला एकटीच राहते. यजमान खापरखेड्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर होते, आता नाहीत. नातीसाठी आठवणी लिहायला घेतल्या, तेव्हा पुण्याच्या लेकीने, सुनंदाने, लॅपटॉपमध्ये एक प्रोग्राम टाकून दिला. इथे फोल्डरमध्ये लिहिलं की तिकडे आपोआप पोचतं. इथून उडालं की तिथूनही उडतं.

लग्न, क्वार्टर, यजमानांची बढती — सगळं पोचलं. फक्त 'बाबांचा माग' हे प्रकरण टिकेना. लिहावं, दुपारी जरा आडवं व्हावं, उठून पाहावं तर गायब.

माझे बाबा उमरेडचे विणकर. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून, धोटा फेकत करवतकाठी लुगडी विणायचे. यजमान मात्र पाहुण्यांना सांगायचे, सासऱ्यांचा कापडाचा व्यापार आहे. एकदा मी खरं बोलून गेले, तर आत बोलावून म्हणाले, "ते मागाचं काहून सांगतं वं लोकायले?" झालं. ती नवी नवरी, म्हणजे अस्मादिक, व्यापाऱ्याची लेक होऊन ट्रे घेऊन बाहेर! वर कपाळावर पदरही सारखा केला बावळटीने. नातीलाही आज तेच ठाऊक आहे. तोंडी सांगितलं तर म्हणते, आजी मस्करी करते. म्हणून लिहायचं होतं.

सुनंदाने कंपनीला कळवलं. ते म्हणाले, सेटिंगमध्ये लॉग चालू करा, बिघाड पुन्हा होऊ द्या, मग तयार झालेली फाइल पाठवा. लॉग म्हणजे प्रोग्रामने काय काय केलं, त्याची त्यानेच ठेवलेली नोंद. मी लॉग चालू केला, प्रकरण परत लिहिलं, आणि समोरच बसून राहिले. डोळ्यांदेखत गेलं.

लॉग सुनंदाला पाठवला. फोनवर तो वाचता वाचता तिने मधेच विचारलं,

"आई, बाबांचा कॉम्प्युटर चालू आहे का वं?"

"काहून?"

"फाइल साहेब-पीसीवरून डिलीट झाली म्हणते हे."

ते नाव यजमानांनीच आपल्या कॉम्प्युटरला ठेवलेलं. पण त्या मशीनची डिस्क मी स्वतः बत्त्याने फोडली आहे. रिकामा डबा हॉलमध्ये कूलरखाली टेकू म्हणून आहे. आणि हा प्रोग्राम तर ते गेल्यावर घरात आला... वाकून पाहिलं. धूळ, आणि एक मेलेली पाल.

कंपनीचं उत्तर आलं — अशी मशीन तुमच्या खात्यात नाही, नवा लॉग पाठवा. पाठवला. त्यातही साहेबच. बढतीच्या प्रकरणाची मात्र एक मात्रा हललेली नाही.

का, ते मला ठाऊक नाही. कंपनीलाही नाही. कूलर मी तिथेच ठेवलाय, ठिबकू दे डोक्यावर. आणि हे त्या फोल्डरमध्ये नाही, इथे तुमच्यासमोर लिहिते आहे. नातीलाही इथेच वाचायला सांगितलंय. माझा बाप उमरेडचा विणकर होता. पुसा म्हणावं आता, इतक्या लोकायच्या डोक्यातून.