बेबीबाईच्या पोटावरची बटनं

बेबीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौंसरच्या स्टँडवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत होते. पिशवीत दवाखान्यात तिच्यासाठी न्यायचा मऊ भाताचा डबा होता. गाडी आली, भरली, निघून गेली... मी बसूनच राहिले.

बेबीबाई माझी मोठी जाऊ. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. माझ्या वाटचंही तीच बोलायची. तिच्या आतड्यातला कॅन्सर यकृतात पोचला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी पोट न चिरता, छिद्रं पाडून दुर्बिणीने तो काढला. घरी सोडताना बजावलं, हा परत येऊ शकतो, कधी छिद्राच्या जागीसुद्धा. बरं वाटलं तरी तपासणी चुकवू नका. आम्ही दोघींनी माना हलवल्या.

आमच्याकडे दुखण्याचं माप टाक्यांवरून काढतात. शेजारची कमलाबाई पाहायला आली, म्हणाली, "येवढंसंच? माह्या सिझरच्या वक्ती तं हातभर चिरलं होतं."

"मले कुठं शिवलं," बेबीबाई म्हणाली, "बटनं लावून देल्ली."

सगळ्या हसल्या. त्या हसण्यात डॉक्टरांचं बोलणं विरून गेलं...

कापूस फुटला तशी ती वेचणीला उतरली. तपासणीची तारीख आली तेव्हा मी हळूच आठवण केली. "वेचणी होऊ दे वं. कापूस गळून राहिला," ती म्हणाली. पुढे एका छिद्राच्या जागी सुपारीएवढं टणक लागू लागलं. वेचलेला कापूस भरायची ओटी तिथेच आवळली जाते. "ओटी घासून राहिली," म्हणत तिने ओटी जरा वर बांधली. मलाही ते पटलं. वेचणाऱ्या बाईच्या कमरेला घट्टे पडतातच. ओटी वर सरकत गेली, ते टणक मात्र वाढत गेलं.

शेवटी नागपूरला नेलं. "हे कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं. बेबीबाईने माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला द्यावं लागलं. आजार आतही पसरला होता. वेळेवर आलो असतो तर वाचली असती का, हे मी नंतर एकटीने विचारलं. ते म्हणाले, "ते सांगता येत नाही. पण लवकर कळलं असतं."

आता यंदाची वेचणी सुरू झाली आहे. माझ्या शेजारची पात, वेचायची ओळ, तिची असायची. ती कोणी धरेना, म्हणून काल मीच त्या ओळीत शिरले. बोंडं भरून फुटली होती, हात आपोआप चालत होते. जी वेचणी टाकून तिला नागपूरला जाता आलं नाही, ती तिच्यावाचूनही होत होती...