फुटलेल्या नारळाची गोष्ट

सुमतीबाईंना साठ वर्षं पुरी झाली म्हणून हे पुस्तक निघतंय. यात शिकल्या-सवरल्या माणसांनी त्यांच्या लेखणीबद्दल लिहिलं असेलच. मी तिसरी इयत्ता शिकलेली, वेसाव्याची मासे विकणारी बाई. लेखणीतलं मला कळत नाही. पण बाईंच्या एका मालिकेच्या एका भागानं माझ्या घरात जे घडलं ते दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही, म्हणून मी बसले लिहायला.

पहिली ओळख सांगते. तेव्हा टीव्ही नव्हता, बाई रेडिओसाठी लिहीत. अंधेरीला त्यांच्या इमारतीत मी पाटी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले, तर दाराआड जबर भांडण. बाई माणूस ओरडतंय, पुरुष माणूस ओरडतंय. मारामारी होईल म्हणून मी दार बडवलं. दार उघडलं ते एका ठेंगण्या, चष्मेवाल्या बाईंनी. हातात पेन.

"कोण भांडतंय?" मी विचारलं.

"मीच," बाई म्हणाल्या. "दोघांच्याही वतीनं. नाटुकलं लिहितेय. पापलेट आहे का?"

मी म्हटलं, ही बाई एक तर वेडी आहे, नाही तर गिऱ्हाईक चांगली आहे. दोन्ही खरं निघालं.

पुढे त्या इमारतीच्या सेक्रेटरीनं फर्मान काढलं, मासेवालीनं जिना चढायचा नाही, वास येतो. इतर बायका गप्प बसल्या. सुमतीबाई बसल्या नाहीत, पण भांडल्याही नाहीत. दुसऱ्या दिवसापासून हातात ताट घेऊन तीन जिने उतरून फाटकाशी येऊ लागल्या, आणि माझ्याशी मोठमोठ्यानं गप्पा मारत उभ्या राहू लागल्या. आठ दिवसांत अर्धी इमारत ताटं घेऊन खाली. सेक्रेटरीची बायको सगळ्यांत पुढे.

मासे कापता कापता मी त्यांना घरचं सांगत असे. माझे दोन मुलगे, थोरला महादू, धाकटा काशी. बाप गेल्यावर होडी दोघांची. एकदा जाळं वाहून गेलं. महादू म्हणे काशीनं गाठ नीट मारली नाही, काशी म्हणे दादूसनं वेळेवर उचललं नाही. झालं, बोलणं बंद. एका घरात राहायचे, एका ताटलीतलं सुकट खायचे, पण बोलायचे माझ्यामार्फत. "आये, तुझ्या थोरल्याला सांग, मीठ सरकव." मीठ थोरल्याच्या कोपराशी. वर्षाच्या वर चाललं हे. होडी वाळूत पडून. शेवटी दोघांनी ठरवलं, म्हणजे मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, की होडी विकायची. मढचा एक माणूस पावसाळा सरता सरता बघायला येणार होता. नारळी पौर्णिमा दोन महिन्यांवर. होडी गेली की पोरं दोन वाटांनी जाणार आणि मी मधे उभी राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

बाई हे ऐकून आधी पोट धरून हसल्या. मग चष्मा पुसून म्हणाल्या, "लिहू का यावर? तुमची परवानगी असेल तरच." टीव्हीवर त्यांची 'एका घरात तीन चुली' लागायची, भांडकुदळ कोळी कुटुंबाची मालिका. मी म्हटलं, लिहा, नावं बदला. कोळ्याच्या पोटातली गोष्ट विचारून घेणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

तो भाग लागला त्या संध्याकाळी मच्छीमार सोसायटीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्ख्या गल्लीत टीव्ही तेवढा एकच. महादू एका दाराशी, काशी दुसऱ्या दाराशी. मी मधे.

सुरू झालं! टीव्हीतला थोरला म्हणतो, "आये, त्याला सांग जरा सरकून बस." धाकटा म्हणतो, "आये, त्याला सांग मी ऐकलं नाही." खोली हसून हसून लोळतेय. आणि हळूहळू एकेक मुंडी वळायला लागली. आधी महादूकडे, मग काशीकडे, मग माझ्याकडे. माझी जाऊ पदर तोंडाला लावून म्हणते, "वैनी, ही आय तुझ्यासारखीच ओरडते गं!" मला वाटलं, गेलं सगळं. आता ही पोरं घर सोडून जातात, आणि माझ्याच जिभेनं जातात.

तेवढ्यात टीव्हीत नारळी पौर्णिमा आली. स्टुडिओतली पुठ्ठ्याची होडी, चादरीचा दर्या. टीव्हीतला थोरला नारळ घेऊन पुढे झाला, हात जोडले, आणि धाडकन होडीच्या नाकावर नारळ फोडला. वर खोबरं वाटायला लागला!

नारळ देवळात फोडतात. दर्याला अख्खा वाहतात, बाळाला पाण्यात सोडावं तसा हळू. हे आमच्या रांगत्या पोरालाही कळतं.

"अरे, फोडला रं!" दोन्ही दारांतून एकदम आवाज.

"काशी, बघितलंस?" महादू ओरडला.

"दादूस, खोबरं वाटतोय मेला!"

"दर्याचा नारळ खाल्ला यांनी!"

"यांची होडी पुठ्ठ्याचीच बरी! खऱ्या होडीत बसले तर धक्क्यालाच बुडतील!"

टीव्हीकडे कुणी बघेना. ती दोघं खोलीच्या मधोमध येऊन, हातवारे करत, एकमेकांना सांगतायत की काय चुकलं. भागाचा शेवट काय झाला ते वेसाव्यात आजही कुणाला माहीत नाही.

सकाळी दोघं माझ्याबरोबर अंधेरीला, बाईंशी भांडायला. एक सुरू करायचा, दुसरा वाक्य पुरं करायचा. सुमतीबाईंनी उभ्यानं सगळं ऐकलं. सबब सांगितली नाही, नटावर ढकललं नाही. म्हणाल्या, "चूक माझीच. विचारायला हवं होतं, मी धरून चालले." वही काढून लिहून घेतलं. पुढच्या भागात टीव्हीतल्या आयेनं थोरल्याला चारचौघांत झापलं, "दर्याचा नारळ फोडतात काय, मुडद्या!" चूक केली त्याच जागी, सगळ्या मुंबईसमोर दुरुस्त केली. मोठी म्हणवणारी माणसं एवढं करत नाहीत.

त्या सकाळी आम्ही निघताना बाईंनी विचारलं, "खरा नारळ वाहताना बघायला मिळेल का मला?"

"पौर्णिमेला या," काशी म्हणाला. "आमच्या होडीवर."

महादूनं त्याच्याकडे पाहिलं. "पंधरा दिवसांत तेल-पाणी व्हायचं नाय. दोघांनी लागायला लागंल."

"मग लागू."

मी विचारलं, "आणि मढच्या माणसाला काय सांगू?"

"सांग," महादू म्हणाला, "होडी कामात हाय."

ती अजून कामात आहे. दोघं तीवर रोज भांडतात, पण तोंडानं भांडतात, माझ्या कानातून नाही.

बाई, शंभरी गाठा. डोळे शाबूत राहोत, दात मासे खाण्याइतके राहोत, गुडघे तीन जिन्यांना पुरून उरोत. आमच्याबद्दल लिहीत राहा. आणि चुकलात तर घाबरू नका, माझे दोघं मुलगे बरोबरीनं येऊन सांगतील.