बाहुल्यांच्या पेटीतला कोट

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये मी घरी शिवणाची कामं घेते हे आजूबाजूच्या देशी लोकांना माहीत होतं. मराठी मंडळाच्या नाचांच्या नऊवाऱ्या, घागरे, भारतातून आणलेले आणि आता घट्ट झालेले ब्लाउज, असली कामं. त्यामुळे एक उंच, जरा पोक आलेले गोरे गृहस्थ बुटांचं खोकं घेऊन दारात उभे राहिले तेव्हा मला वाटलं, चुकून आले. ते दोन घरं सोडून राहायचे. एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग्ज काढण्यात त्यांची नोकरी सरली होती, बायको वारली होती, मुलगी ॲरिझोनात होती. याहून जास्त आम्हाला काही ठाऊक नव्हतं.

खोक्यात हातभर उंचीची लाकडी राणी होती. डोक्यातून लोखंडी सळई वर आलेली, हातापायांना दोरे आणि अंगावर निळं रेशीम, इतकं विरलेलं की आतलं लाकूड दिसत होतं.

"हिला नवा पोशाख नको," ते म्हणाले. "आहे तोच टिकवायचा आहे."

"सुई टोचली तरी फाटेल हो हे."

"म्हणून तर आलो. ड्राय क्लीनरकडच्या बाई म्हणाल्या, तुमचा हात हलका आहे."

राणीला घरी ठेवून घेते म्हटलं तर ते तयार होईनात. मग दर शनिवारी मीच त्यांच्याकडे जायला लागले. बेसमेंटमध्ये काचेची कपाटं, हवेतली ओल दाखवणारं छोटं यंत्र आणि आत ओळीने राजा, सैतान, शिपाई, विदूषक, लांब नाकाची म्हातारी. विरलेल्या रेशमाखाली मी बारीक जाळी घालायची आणि केसासारख्या धाग्याने टाके घ्यायची. ते समोर बसून दोऱ्यांना मेण लावायचे.

हळूहळू कळत गेलं. हे गृहस्थ बोहेमियातले, आताच्या चेक देशातले काउंट, म्हणजे आपल्याकडचे मोठे सरंजामदार म्हणावेत तसे. त्यांच्या गढीत लहानसं थिएटर होतं, आणि नाताळात घरचेच लोक गावाला बाहुल्यांचा खेळ दाखवायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर सत्ता बदलली, गढी जप्त झाली, त्यांचं कुटुंब सीमा ओलांडून पळालं. आधी जर्मनीत निर्वासितांची छावणी, मग शिकागो.

"आईने दागिने नाही उचलले," ते सांगायचे. "बाहुल्या उचलल्या."

हे वाक्य त्यांनी आधी पुष्कळांना सांगितलं असावं. ते घासून गुळगुळीत झालं होतं.

मी कुडाळकडची. लहानपणी देवळासमोर कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहिलेला. तो मी त्यांना वर्णन करून सांगितला, ढोलकीसकट. ते मन लावून ऐकत होते.

"ते लोक अजून खेळ करतात?"

"करतात काही घरं. तुम्हीही एकदा करा ना. मंडळाची पोरं वेडी होतील."

"नाही," ते म्हणाले आणि कपाटाला कुलूप लावलं. ज्या वस्तूंना माणूस इतकं जपतो त्यांच्याकडे तो नकोशा पाहुण्याकडे बघावं तसा का बघतो, हे मला उमगत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात ते ड्राइव्हवेवर घसरून पडले. कंबर वाचली, पण मुलगी विमानाने आली आणि तिने ठरवून टाकलं की डॅड आता आपल्याजवळ राहणार. बाहुल्यांचं काय, हा प्रश्न आलाच. त्यांच्या जुन्या गढीत आता म्युझियम होतं आणि तिथले लोक कित्येक वर्षं मागे लागले होते. तिथल्या एक बाई मुद्दाम शॉमबर्गला आल्या. काकांनी (आम्ही घरी त्यांना बाहुलीकाका म्हणायचो) मलाही बोलावून घेतलं, पोशाखांबद्दल काही विचारलं तर असावी म्हणून.

त्या बाई राणीसमोर हात जोडल्यासारख्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुमच्या आईंनी स्वतःच्या सुखापेक्षा संस्कृती मोठी मानली. दालनाच्या दारातच आम्ही हे लिहिणार आहोत."

काकांनी कॉफी दिली, सह्या केल्या, बाईंना टॅक्सीपर्यंत पोचवलं. मुलगी सामान आवरायला वर गेली. मी बेसमेंटमध्ये राणीच्या बाहीचे राहिलेले टाके घालत होते; ते खाली येऊन पायरीवरच बसले.

"स्वतःच्या सुखापेक्षा," ते म्हणाले. "माझी एक बहीण होती."

मी सुई खाली ठेवली.

"बाहुल्या एका सूटकेसमध्ये मावत नव्हत्या. आईने दुसरी सूटकेस उघडली आणि आमचे गरम कपडे काढून पलंगावर टाकले. बहिणीचा लाल कोटही. तिने रडून गोंधळ घातला, कारण तो तिचा आवडता होता. डोंगरातून चालत गेलो, बर्फ पडत होता. मी मोठा होतो, निभावलो. ती छावणीत गेली, न्यूमोनियाने. चार वर्षांची होती."

माझी स्वतःची दोन मुलं शॉमबर्गमध्येच शाळेला गेली होती, जाकिटाशिवाय बसस्टॉपवर उभी राहिली म्हणून मी त्यांच्यावर ओरडले होते.

"आई काही बोलल्या नाहीत कधी?"

"कधीच नाही. पण बाहुल्यांचा खेळही परत केला नाही. शेवटी हॉस्पिटलमध्ये मला म्हणाली, सांभाळ. सांभाळल्या. टाकल्या असत्या तर ती पोर गेली कशासाठी?"

वरून मुलीच्या पावलांचा आवाज येत होता. मी विचारलं, "हिला माहीत आहे?"

"नाही. हिचा आजीवर फार जीव होता."

पुढच्या शनिवारी त्यांनी मला कोट शिवायला सांगितला. चार वर्षांच्या मुलीचा. मापं कुठून आणणार? त्यांनी उभं राहून मांडीजवळ तळहात धरला, "इतकी होती," म्हणाले. लोकरीच्या कापडाचे लाल तुकडे मी दुकानातून आणत गेले आणि ते नाही नाही म्हणत गेले. हा फार भडक, हा गुलाबीकडे झुकतो. शेवटी एक विटकरीसारखा मळकट लाल मिळाला. तो त्यांनी हातात घेतला आणि परत दिलाच नाही, मला ओढून घ्यावा लागला. कॉलरला काळं मखमल, आत जाड अस्तर, पुढे गळ्यापर्यंत बटणं. घरी मशीनवर ते इवलंसं काम पाहून नवऱ्याने विचारलं, "अगं, कोणाच्या मुलीचा वाढदिवस आहे?" मी म्हटलं, "काकांच्या ओळखीत आहे एक मुलगी."

बाहुल्या न्यायला पॅकिंगवाले आले त्या दिवशी काका स्वतः राणीच्या पेटीपाशी गेले. तिला उचलून बाजूला केलं, कोटाची घडी तळाशी ठेवली आणि तिच्यावर राणीला निजवलं. मी पाहिलं, हे त्यांनीही पाहिलं. पेटीला खिळे ठोकले गेले.

ते ॲरिझोनाला गेले. रविवारी मी फोन करायचे. तिथला उन्हाळा, तिथलं बेचव जेवण, गुडघे, एवढंच बोलायचे. मग एक दिवस त्यांच्या मुलीचा फोन आला.

"म्युझियमची ईमेल आलीय. पेटीत एक कोट सापडला म्हणे. कुठल्याच बाहुलीला बसत नाही, तर कोणाचा आहे असं विचारतायत. डॅड म्हणतात, माहीत नाही. तुम्ही शिवणकाम बघत होता, तुम्हाला काही कल्पना?"

पॅकिंगसाठी घातला असेल, असं सांगून मोकळं होता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. पण मग तो कोट तिथे कुठल्या तरी खोलीत चिंधी म्हणून पडला असता. मी सांगितलं. सगळं, जेवढं मला माहीत होतं तेवढं.

तिने विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

ते मी कधी विचारलंच नव्हतं.

तिने वडिलांना गाठलं. त्या दोघांत काय झालं ते मला ठाऊक नाही. काकांनी माझा फोन उचलणं बंद केलं. एकदा उचलला आणि एवढंच म्हणाले, "ते मी तुम्हाला सांगितलं होतं. तिला नाही." मी माफी मागेपर्यंत त्यांनी ठेवून दिला होता.

मुलीने मात्र म्युझियमला लिहिलं. त्यांनी आढेवेढे घेतले, हे घराण्याचं खासगी दुःख आहे, दालनात कशाला, असं कळवलं. तिने सोडलं नाही. अखेर दारातला मजकूर बदलला आणि राणीशेजारच्या काचेत कोट लागला, खाली त्या मुलीचं नाव. फोटो तिने मला पाठवला. सोबत लिहिलं होतं की तिच्या हॉलमध्ये आजीचा फोटो होता तो तिने काढून ठेवलाय, सध्या बघवत नाही. ते वाचून मी बराच वेळ स्वयंपाकघरात तशीच बसले. भाजी करपली तेव्हा उठले. एकीला जागा मिळवून देताना मी दुसरीची काढून घेतली होती का?

दिवाळीच्या सुमारास फोन वाजला. काका होते. आवाज खोल गेलेला.

"तो फोटो तुमच्याकडे आहे ना? मला नीट दिसत नाही आता. मुलीला विचारायचं नाही."

"आहे."

"कोटाची बटणं लावलीयत की उघडी ठेवलीयत?"

मी फोटो मोठा करून पाहिला. "लावलीयत. सगळी, गळ्यापर्यंत."

"बरं," ते म्हणाले. नंतर त्यांनी तिकडच्या हवेचं काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला.