दाजींचा शर्ट आणि सोळा चौकोन

सिडकोतल्या आमच्या गल्लीत छायाताईंइतकं आभारी माणूस शोधून सापडायचं नाही. गॅसची टाकी आणणाऱ्याला त्या "उपकार झाले हो" म्हणणार, रिकामी टाकी नेणाऱ्यालाही म्हणणार. डासांचा धूर मारायला आलेल्या माणसाचे त्यांनी एवढे आभार मानले, की तो बिचारा ओशाळून दुसऱ्यांदा धूर मारून गेला. गल्ली दिवसभर खोकत होती. नवरा समाधान सातपूरच्या कारखान्यात आहे. तो सांगतो, "अंतरपाट दूर झाला तेव्हा हिनं मला हार घालायच्या आधी भटजींना थँक्यू म्हटलं." खरं-खोटं त्याचं त्याला माहीत, पण गल्लीनं ते केव्हाच खरं धरलंय.

छायाताई पुढच्या खोलीत ब्लाउज शिवतात. ज्या मशीनवर शिवतात, ती रविराज दाजींनी दिलेली. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सटाणा डेपोत एसटीचे ड्रायव्हर. छायाताई लग्न होऊन नवीन नवीन नाशिकला आल्या, तेव्हा एक दिवस दाजी एसटीच्या टपावर मशीन बांधून घेऊन दारात हजर. त्या दिवसापासून दाजींसमोर छायाताईंनी मान वर केली नव्हती.

ती केली गेल्या वर्षी. दाजींची मुलगी हर्षाली म्हणाली, मला फिल्मचा कोर्स करायचाय, दोन वर्षांचा, नाशिकला. दाजी म्हणाले, "लय झालं. ड्रायव्हरची पोर आणि फिल्म?" तेव्हा छायाताई मधे पडल्या. "दाजी, पोरगी माझ्याकडे राहील. माझ्या शब्दावर एक वर्ष द्या."

"एक वर्ष," दाजी म्हणाले. "मग काय शिकली ते मला दाखवायचं. नाय पटलं तर पोरगी सटाण्याला परत."

वर्ष सरलं. पाच मिनिटांची फिल्म करायची वेळ आली. हर्षालीची गोष्ट साधी होती. एक मुलगी कंडक्टर म्हणून कामाला लागते आणि वारलेल्या ड्रायव्हर बापाचा खाकी शर्ट शिंपिणीकडून आपल्या मापाचा करून घेते. बापाची भूमिका दाजींच्या शर्टाला. दाजींनी तो दिला, पण बजावून: "सोमवारी ड्युटी शे. रविवारी न्यायला येईन. जसाच्या तसा पाहिजे."

शिंपीण कोण, हा प्रश्नच नव्हता. हर्षालीनं भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला. त्यावर सोळा चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात कॅमेऱ्याला काय दिसणार त्याचं चित्र.

"मावशी, हा स्टोरीबोर्ड."

"अगं, हे तर आमचं पेपर कटिंग! कापडाला हात लावायच्या आधी कागदावर." छायाताई चष्मा लावून जवळ गेल्या. "ही मी का? एवढं नाक आहे माझं?"

"मावशी, ते नाक नाही. कात्री आहे."

शनिवारी सकाळी शूटिंग सुरू झालं. कॅमेरा कॉलेजचा, पाचच्या आत परत द्यायचा. मुलीच्या भूमिकेत हर्षालीची मैत्रीण वैष्णवी. खिडकीला अख्खी गल्ली चिकटलेली. शेजारच्या भागीबाई बाहेरून ओरडल्या, "छाया, पावडर लाव गं, चमकतेस!" हर्षालीनं मावशीला नीट समजावलं होतं: ॲक्शन म्हटलं की सुरू करायचं, कट म्हटलं की थांबायचं. आठ चौकोन सुरळीत पार पडले.

नववा कात्रीचा. शर्टाच्या डाव्या कुशीला, बगलेखालच्या शिवणीला, कात्री नुसती टेकवायची. कापायचं काहीच नव्हतं.

"ॲक्शन!"

छायाताईंनी कात्री टेकवली. चेहऱ्यावर असे काही भाव आले, की खिडकीतली गल्लीही गप्प झाली. हर्षाली खूश होऊन म्हणाली, "कट!"

करर्र!

आता यात छायाताईंचा दोष किती, ते तुम्हीच ठरवा. त्या शिवण शिकल्या भद्रकालीत, रिझवान मास्टरांच्या दुकानात. मास्टर खडूनं रेघ मारायचे आणि म्हणायचे, "कट!" तो शब्द आला की कात्री चाललीच पाहिजे, नाहीतर फुटपट्टी. सहा वर्षं हाताला तेच वळण. हातानं आपलं काम चोख केलं. खाकी शर्ट बगलेखाली वीतभर कापला गेला.

वैष्णवीनं तोंडावर हात ठेवला. हर्षाली खालीच बसली. "संपलं. अजून सात चौकोन बाकी आहेत, मावशी. सगळ्यात शर्ट आहे."

छायाताईंना काळजी पडली ती वेगळीच. शर्टापेक्षा दिलेल्या शब्दाची. आयुष्यात एकदाच दाजींपुढे तोंड उघडलं होतं, आणि त्यांचाच शर्ट फाडून पोरीची वाट लावली. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि भिंतीवरच्या कागदासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"दहाव्यात काय दिसतं?"

"नुसती कॉलर."

"अकराव्यात?"

"वैष्णवीचा चेहरा... आणि उजवी बाही."

"मग डावी कूस आहे कुठं? मला दाखव."

हर्षाली उठून जवळ आली. वैष्णवी शर्ट घालते ते शेवटचे दोन सोडले, तर डावी कूस फक्त चौदाव्यात होती. तिथं शर्ट खिळ्याला टांगलेला, अख्खा, वाऱ्यानं हलणारा.

"तो शेवटी घे. तोवर मी आतून पट्टी लावून शिवून देते."

"पण क्रम चुकेल."

"ब्लाउज कधी घालायच्या क्रमानं शिवतात का गं? खांदा आधी, हुक शेवटी. घालणारीला थोडंच कळतं, कुठली शिवण आधी मारली!"

हर्षालीनं मावशीकडे असं पाहिलं, जसं वर्षभर कॉलेजात कुणाकडे पाहिलं नसेल. मग कामाला लागली. पंधरा आणि सोळामध्ये वैष्णवीनं मापात केलेला शर्ट घालायचा होता. तो टाचण्या लावून भागवणार होते. छायाताईंनी आता दोन्ही कुशी खऱ्याच आत घेतल्या; खिळ्यावर टांगलेल्या शर्टाचं माप कुणाला कळतंय! साडेचारला चौदावा चौकोन झाला, आणि कॅमेरा रिक्षात बसून वेळेत कॉलेजला गेला.

रविवारी दाजी आले. छायाताईंनी पाण्याच्या तांब्याबरोबरच गुन्हा कबूल केला. दाजींनी शर्ट हातात घेऊन शिवण उलटून पाहिली. शर्ट अंगात घातला, पोट आत ओढून कसंबसं बटण लावलं, आणि तसेच श्वास धरून हर्षालीनं रात्रभर जागून मोबाईलवर जोडलेली फिल्म बघायला बसले. वैष्णवीनं बापाचा शर्ट अंगावर चढवला, तिथं दाजींचा श्वास सुटला. बटण उडून समाधानच्या चहात पडलं. हसायची कुणाची हिंमत झाली नाही.

फिल्म संपली. दाजींनी मोबाईल मांडीवर ठेवला.

"तो खिळ्यावरचा शर्ट. वाऱ्यानं हालला?"

"नाही बाबा. खाली बसून मी पुठ्ठ्यानं वारा घातला. एका हातानं. दुसऱ्यात कॅमेरा."

"पुठ्ठ्यानं!" दाजी छायाताईंकडे वळले. "मला वाटलं, तो बाप आत्ताच शर्ट काढून गेलाय आंघोळीला." मग ते शर्टाचं सुटलेलं टोक सावरत म्हणाले, "छाया, पोरीला दुसऱ्या वर्षालाही तुझ्याकडेच ठेवशील का? तुला जड नसंल तर."

दाजी आपल्याला विचारताहेत, हे छायाताईंना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी नुसती मान हलवली आणि हात पुढे केला.

"शर्ट काढा, दाजी. कुशी सोडवून देते. उद्या ड्युटी आहे."

दाजींनी भिंतीवरच्या कागदावर टांगलेल्या शर्टाचा चौकोन मोजून काढला आणि ते बनियनवरच बसून राहिले. "हर्षे, परत लाव," ते म्हणाले. "या खेपेला नुसता चौदावा बघतो."